लाल न दिसणारा कॅमेरा

मेजर रॉबर्ट गिलचं नाव काढलं की आपल्याकडे लगेच पारो आठवते. अजिंठा गावातली तिची कबर, गिलचं तिच्यावरचं प्रेम, महानोरांनी लिहिलेली दीर्घ कविता, मग आलेला सिनेमा. त्या गोष्टीत मी शिरत नाही. माझा धंदा फोटोचा. मला गिल भेटला तो त्याच्या कॅमेऱ्यामुळे, आणि त्याचे फोटो पाहिल्यावर डोक्यात पहिला प्रश्न आला तोही धंद्यातलाच होता. ज्या चित्रांपायी या माणसानं आयुष्य अजिंठ्यात घालवलं, ती चित्रं त्याच्या फोटोंत का दिसत नाहीत?

१८४४ मध्ये कंपनी सरकारनं मद्रास फौजेतल्या या अधिकाऱ्याला अजिंठ्याला पाठवलं ते भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करायला. वर्षानुवर्षं तो मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला करत राहिला. पुढं कॅमेरा हाती आला तेव्हा त्यानं फोटोही काढले. १८६४ मध्ये लंडनच्या जॉन मरे यांनी भारतातल्या लेण्यांवर पुस्तक काढलं, त्यात मजकूर जेम्स फर्ग्युसनचा आणि फोटो गिलचे, एकूण ७४. त्याच सुमाराला त्याच्या शंभर जोडफोटोंचंही पुस्तक निघालं. जोडफोटो म्हणजे दोन भिंगांनी टिपलेले शेजारशेजारचे फोटो. दुर्बिणीसारख्या डबीतून पाहिले की खांबांच्या रांगा एकामागे एक खोल जाताना दिसतात. लेण्यांसाठी याहून चांगलं तंत्र त्या काळात नव्हतं. वऱ्हाडातल्या लोणारच्या देवळांचेही फोटो त्यानं काढले. या सगळ्यांत दर्शनी कमानी आहेत, खांब आहेत, स्तूप आहेत, मूर्ती आहेत. रंगवलेल्या भिंतींच्या वाटेला मात्र तो फारसा गेलेला नाही.

ज्यांनी डार्करूममध्ये हात ओले केलेत त्यांना याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. औरंगाबादच्या ज्या स्टुडिओत मी काम शिकलो तिथं डार्करूममध्ये चोवीस तास लाल बल्ब लटकलेला असे. त्या उजेडात आम्ही ब्रोमाईड पेपर ट्रेमध्ये बुडवायचो, डेव्हलपरमध्ये चेहरा उमटताना बघायचो, हायपोत टाकायचो, आणि कागदाला काहीही होत नसे. कारण त्या कागदाला लाल रंग दिसतच नाही. त्याच्या लेखी लाल उजेड म्हणजे अंधार. गिलच्या काळातली काचेची प्लेट नेमकी अशीच होती. तिला निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा कळायचा. पिवळा नीट कळत नसे, लाल तर अजिबातच नाही.

आता अजिंठ्याची रंगपेटी आठवा. गेरू, पिवळी माती, काजळी, चुन्याचा पांढरा, हिरवी माती, आणि अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्दी निळा. भिंतीचा मोठा भाग तांबड्या-पिवळ्या मातीनं व्यापलेला आहे. अशा भिंतीसमोर ती प्लेट धरली की गेरू काळाठिक्कर येणार, पिवळा मळकट, आणि ज्या निळ्यासाठी कुणी डोंगर ओलांडून दगड आणला तो जवळजवळ पांढरा. त्यात आत उजेड कमी, आणि जो झिरपत येतो तो तांबूस दगडावर आपटून येतो, म्हणजे प्लेटला न चालणारा. गिल हातानं नकला करत राहिला यामागे सरकारी हुकूम होता हे खरं, पण कॅमेऱ्याचाही इलाज नव्हता.

हा कॅमेरा आपल्याकडे आला कसा, तेही थोडं सांगायला हवं. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी तिचे सभासद होते आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे धंदेवाईक फोटोग्राफर तयार झाले. याच भाऊ दाजींनी पुढं अजिंठ्याचे शिलालेख वाचून प्रसिद्ध केले. हौस, विद्या आणि धंदा यांची सरमिसळ मुंबईत अशी पहिल्यापासून होती.

सरकारला मात्र हिशेबात रस होता. जुन्या इमारतींची चित्रं काढायला नकाशानवीस आणि चित्रकार पोसायचे म्हणजे खर्च. एक नक्षीदार कमान उतरवायला चित्रकाराला आठवडे लागत, कॅमेऱ्याला दिवस पुरे. कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी १८५५ च्या सुमाराला मुंबई सरकारला फोटो वापरायला सांगितलं आणि कॅप्टन थॉमस बिग्ज विजापूर, बदामी, ऐहोळेकडे निघाला. त्याच्यानंतर डॉ. विल्यम पिगू आला. त्यांच्या निगेटिव्ह बरीच वर्षं पडून राहिल्या. त्या छापल्या गेल्या १८६६ मध्ये, आणि यात अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा हात आहे. तिकडचा कापूस बंद झाला, इकडचा सोन्याच्या भावानं गेला, आणि प्रेमचंद रायचंदांसारख्या मुंबईच्या शेठियांकडे इतका पैसा आला की त्यांनी अहमदाबादच्या मशिदींच्या फोटोंचा ग्रंथ काढायलाही हात सैल सोडला. पश्चिम भारतातल्या इमारतींचे ते पहिले देखणे ग्रंथ म्हणजे, खोलात गेलं तर, कापसाचे पैसे.

त्या काळच्या ओल्या काचेच्या प्लेटचं काम किती जिकिरीचं होतं ते कागदावर वाचून कळत नाही. काचेवर कोलोडियन ओतायचं. ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला तो चिकट पाक. काच तिरकी करत करत चारी कोपऱ्यांना पोचवायचा, एका कोपऱ्यातून उरलेला परत बाटलीत घ्यायचा. मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, की बोटं काळी. तिथून पुढं घड्याळ सुरू. प्लेट ओली असेतोवरच तिचा उपयोग. कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगोलग तंबूत येऊन धुवायची. साहेबांच्या देशात फोटोवाल्याला दहा मिनिटं मिळत असतील. अजिंठ्याच्या पायथ्याच्या फर्दापूरच्या उन्हात ईथर किती वेळ टिकणार? आणि लेण्याच्या आत एक फोटो कित्येक मिनिटं मागतो. म्हणजे प्लेट आतच सुकायची. शिवाय धुवायला पाणी लागतं, ते खालून वाघूर नदीतून कुणाच्या तरी डोक्यावरून आणावं लागत असणार.

त्या ‘कुणाच्या तरी’विषयी दोन शब्द. त्या काळच्या फोटोंत खांबाला टेकून, पायरीवर, मूर्तीच्या पायाशी एखादा माणूस उभा असतो. खांदा खांबाच्या कडेशी, नजर भलतीकडे. तो तिथं मापासाठी उभा केलेला असतो, म्हणजे बघणाऱ्याला खांब किती उंच ते कळावं. जगभर हीच रीत होती. फ्रेंच लेखक मॅक्सिम द्यू कां १८५० मध्ये इजिप्तच्या देवळांचे फोटो काढत होता तेव्हा त्यानं आपल्या बोटीवरचा हाजी इस्माईल नावाचा खलाशी असाच उभा केला. त्यानं हलू नये म्हणून द्यू कांनं त्याला सांगितलं, ही पितळी नळी म्हणजे तोफ आहे, हललास तर उडेल. द्यू कांनं ही फुशारकी लिहून ठेवली म्हणून निदान त्या माणसाचं नाव तरी आपल्याला कळतं. अजिंठ्याच्या फोटोंतल्या माणसांची नावं कुठंच नाहीत. पुढं पुरातत्त्व खात्यात माणसाच्या जागी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी आली, आणि गावकरी चित्रातून बाहेर पडले.

गिलच्या नकलांचं पुढं काय झालं ते ठाऊक असेलच. लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या लावल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात आग लागली आणि चार-पाच वगळता सगळ्या गेल्या. सरकारनं हे काम मग मुंबईच्या जे. जे. आर्ट स्कूलकडे दिलं. जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून हंगामामागून हंगाम अजिंठ्याला जात राहिला. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलं मोठं नाव. परत सगळ्या भिंती उतरवल्या, परत लंडनला पाठवल्या, आणि १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्याही पुष्कळ खाक झाल्या. पुढं विसाव्या शतकात जपानी चित्रकार नकला करून घेऊन गेले, त्या १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात गेल्या. शेणामातीच्या गिलाव्यावरची मूळ चित्रं पावसाळे झेलत डोंगरात शाबूत, आणि त्यांच्या नकला जगाच्या राजधान्यांत जळतायत. या योगायोगावर मी काही बोलत नाही. पण एक नोंद करून ठेवतो. नकला जळाल्या म्हणून अजिंठ्याचं नुकसान झालं नाही. नुकसान झालं ते नकला करता याव्यात म्हणून जे केलं त्यानं.

धुळीनं आणि काजळीनं मंदावलेलं चित्र नीट दिसावं म्हणून काय करतात? ओलं करतात. पाणी मारलं की रंग क्षणभर उजळतात, हे कुणाही रंगाऱ्याला माहीत आहे. पाण्यापुढची पायरी म्हणजे वार्निश. ग्रिफिथ्सच्या काळात भिंतींना वार्निश लागलं, ते त्याच कारणानं. रंग खुलले, नकला झाल्या, आणि वार्निश काही वर्षांत पिवळं पडलं. १९२० साली निझाम सरकारनं चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला परत बसवला, हे त्यांचं मोठं काम. पण वरून लाखेचा हात दिला. तीही पुढं तपकिरी झाली आणि धूळ तिला चिकटून बसली. आपण ज्याला ‘अजिंठ्याचा सोनेरी रंग’ म्हणून मान डोलावतो त्यात त्या जुन्या लाखेचा वाटा थोडा नाही. पुरातत्त्व खात्याची माणसं गेली काही वर्षं हा थर बोटभर बोटभर उतरवतायत. जिथं उतरलाय तिथं खालचा पांढरा आणि निळा पाहिला की डोळे दिपतात.

दरम्यान प्लेट सुधारली. १८७३ मध्ये हर्मन फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं की प्लेटच्या मसाल्यात रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवा-पिवळाही दिसू लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लालही दिसणाऱ्या प्लेटा बाजारात आल्या. याच टप्प्यावर अजिंठ्याची चित्रं फोटोत येऊ लागली, आणि ते काही आपोआप घडलेलं नाही. १९११ च्या आसपास व्हिक्टर गोलुब्यू या रशियन वंशाच्या विद्वानानं पहिल्या लेण्यातल्या चित्रांचे फोटो काढले आणि १९२७ मध्ये पॅरिसला छापले. मग निझामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांचा चार भागांचा ग्रंथ आला, १९३० ते १९५५ अशी पंचवीस वर्षं चाललेला. फोटोवरून केलेली रंगीत छपाई, हे याझदानींनी ग्रंथाच्या नावातच सांगितलं होतं. हातानं केलेल्या नकलांवरची भिस्त तिथं संपली.

मी या धंद्यात आलो तेव्हा रंगीत ट्रान्सपरन्सीचे, म्हणजे पारदर्शक पॉझिटिव्ह फिल्मचे, दिवस होते आणि लेण्यांत वीज बेताची. माझं काम आरसा धरण्याचं. स्टुडिओच्या मालकांनी कपाटाचा दरवाजा काढावा तसा एक उभा आरसा गोधडीत गुंडाळून आणलेला असायचा. तो बाहेर उन्हात धरायचा, कवडसा ओसरीतून आत मारायचा, आत जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली असायची तिच्यावर तो पाडायचा. चादरीवरून उजेड मऊ होऊन छताला लागायचा. सोपं वाटतं. पण सूर्य थांबत नाही. दोन मिनिटांचा एक्स्पोजर असला तरी कवडसा हातभर सरकतो, म्हणून आरसा सतत केसभर केसभर फिरवत राहायचा, आणि तोही असा की आतल्याला फिरवल्याचं कळू नये. फर्दापूरचे एक मामा यात तरबेज होते. मी आरसा फिरवला की भिंतीवर धक्का बसलेला दिसायचा. मामांनी धरला की उजेड भिंतीवर सायीसारखा पसरायचा. ते डोळे मिटून धरत. म्हणायचे, “बघितलं का हात हलतो. चटका सांगतो किती सरकवायचं ते.” मनगटावर पडणाऱ्या उन्हावरून ते सूर्य मोजत.

एवढ्या लांबलेल्या एक्स्पोजरमध्ये माणसं येऊन-जाऊन निघून गेली तरी फोटोत उमटत नाहीत. सहलीचा अख्खा वर्ग कॅमेऱ्यासमोरून जाऊ द्यावा, फिल्मवर मोकळं लेणं येतं. बॅटरी पेटवून कुणी गेलं तर मात्र तिची रेघ कायम राहते.

उजेड कुठून येतो यानं किती फरक पडतो ते पहायचं तर पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात जावं. तिथली धर्मचक्र मुद्रेतली भव्य बुद्धमूर्ती गाइड लोक हमखास दाखवतात. दिवा एका बाजूनं धरला की चेहरा गंभीर, दुसऱ्या बाजूला नेला की ओठांच्या कडेला हसू, समोरून धरला की ध्यानस्थ. लोक टाळ्या वाजवतात आणि शिल्पकाराचं कौतुक करतात. कौतुक करावंच. पण फोटोवाल्यानं तिथं जरा घाबरायला हवं. त्याला तिघांतला एकच बुद्ध मिळणार आहे, आणि पुस्तकात छापला की तोच अजिंठ्याचा बुद्ध ठरणार आहे. दिवा कुठल्या बाजूला होता हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं.

मॅग्नेशियमची तार पेटवून अंधारात फोटो काढण्याची युक्ती १८६० च्या दशकातच निघाली. चार्ल्स पियाझी स्मिथ या ज्योतिर्विदानं १८६५ मध्ये गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटात ती वापरली आणि एका फोटोनंतर धूर बसेपर्यंत हात चोळत बसला. पिरॅमिडच्या दगडाला त्या धुराचं काही वाटलं नसेल, रंगवलेल्या भिंतीला वाटतं. पुढचे फ्लॅश बिनधुराचे झाले, तरी अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आली ती बरीच झाली. एका फ्लॅशनं काय होतं, असं विचारणारे भेटतात. एकानं बहुधा काही होत नाही. रोज हजार माणसं मारतील त्याचं काय, हा प्रश्न आहे, आणि मातीच्या रंगांना धरून ठेवणारा डिंक आणि वरची लाख उजेडाबाबत सोशिक नाही. १९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी अगदी मंद उजेडात, नुसत्या लांब एक्स्पोजरवर, ही चित्रं टिपली आणि कोपऱ्यातले रंगही वर आले. भिंतीला त्रास न देता ती दाखवता येते हे तेव्हा सिद्ध झालं. नकला करणाऱ्यांनी शंभर वर्षं भिंत उजळवायचा खटाटोप केला, खरं तर वाट पाहायची होती. आता फायबर ऑप्टिकचे गार दिवे आहेत, आणि हातातला फोनसुद्धा त्या अंधारात गिलच्या प्लेटपेक्षा कितीतरी जास्त पाहतो.

म्हणून जुने फोटो टाकाऊ झाले असं नाही, उलट त्यांची किंमत वाढली. गोलुब्यूच्या आणि याझदानींच्या फोटोंत जे तुकडे दिसतात त्यांतले काही आज भिंतीवर नाहीत. कुठला गिलावा कधी सुटला, कुठला डाग नवा, कुठला इटालियनांच्या आधीचा, हे ठरवायला संवर्धनवाल्यांना दुसरा साक्षीदार नाही. पण साक्षीदाराची नजर कशी होती ते आधी माहीत हवं. गिलच्या काळच्या फोटोत काळा दिसणारा पट्टा पाहून कुणी तिथं काळा रंग होता असं लिहिलं तर तो भिंतीबद्दल बोलतच नाही, प्लेटबद्दल बोलतोय. सत्तरच्या दशकातल्या ट्रान्सपरन्सीवरून अजिंठ्याच्या पिवळसर छटेवर निबंध लिहिणारा लाखेवर निबंध लिहितोय. तिन्ही बुद्धांतल्या एकाच्या हास्यावर भाष्य करणाऱ्यानं दिवा डावीकडे होता की उजवीकडे एवढं तरी विचारावं.

गडकोटांचे, लेण्यांचे, बारवांचे फोटो काढणारी तरुण मंडळी आज महाराष्ट्रात गावोगाव आहेत, आणि फार चांगलं काम करतात. जे कुणी सरकारी यादीत घेतलं नाही ते त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की फोटोखाली गावाचं नाव घालता तसं दोन ओळी आणखी घाला. तारीख आणि वेळ. उजेड कुठून होता, उन्हाचा की बॅटरीचा. दगडाला पाणी मारलं होतं का, शेंदूर पुसला होता का, खडूनं अक्षरं भरली होती का. फोनमध्ये रंग गडद केलेत का. आणि बॅटरी धरायला गावातलं कुणी होतं तर त्याला विचारून त्याचं नाव. शंभर वर्षांनी कुणीतरी तुमच्या फोटोवरून ती बारव नीट करायला बसेल तेव्हा त्याला या ओळी फोटोइतक्याच लागतील.